पेशंट घरी गेला, तू मात्र अजून कॅज्युअल्टीतच

पत्र लिहिणारी इमर्जन्सी मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे, नाव छापू नका म्हणालीये म्हणून छापत नाही. पत्र लांब आहे, त्यातलं मुख्य तिच्याच शब्दांत देते:

"मॅडम, मी आमच्या कॅज्युअल्टीत सगळ्यात स्लो आहे. बॅचमेट एका शिफ्टमध्ये जेवढे पेशंट काढतात त्याच्या निम्मे माझ्याकडून होतात. सिनियर म्हणतात ही ओपीडी नाहीये, हात चालव. पटापट करायला गेले की घरी येऊन झोप लागत नाही. मागच्या महिन्यात छातीत दुखतंय म्हणून आलेल्या ४६ वर्षांच्या माणसाला घरी सोडलं, दोन ईसीजी नॉर्मल, दोन ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) निगेटिव्ह, कन्सल्टंटना पण दाखवलं होतं. तरी पहाटे ३ वाजता उठून ड्युटीवरच्या सिस्टरना फोन केला, तो परत आलाय का बघा म्हणून. नव्हता आला. दुसऱ्या दिवशी फाईलमधून नंबर काढून त्यालाच फोन केला, तर तो म्हणाला मी कामावर आहे, काय झालं? आता हे दर दोन-तीन दिवसांनी होतं. मोठी चूक अजून झालेली नाहीये, पण होणार हे नक्की वाटतं. इमर्जन्सी सोडून रेडिओलॉजीला जाऊ का?"

तो कामावर होता हे वाचून मला हसू आलं, राग मानू नकोस. तू रात्रभर त्याला घेऊन बसलेली आणि तो बिचारा आपला कामाला लागलेला. पण हसण्यावारी नेण्यासारखं पत्र नाहीये हे मलाही कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे तू दोन तक्रारी लिहिल्यायस, स्लो आहे ही एक आणि झोप लागत नाही ही दुसरी, आणि तुला वाटतंय की एक कमी केली की दुसरी वाढते. मला ती एकच तक्रार दिसतीये. तू प्रत्येक पेशंटला "याला नक्की काय झालंय" हा प्रश्न विचारत बसतेस, त्याचं उत्तर मिळेपर्यंत हात पुढे सरकत नाही म्हणून स्लो, आणि उत्तर न मिळताच सोडावं लागलं की तो प्रश्न तुझ्यासोबत घरी येतो म्हणून झोप नाही. यात तुझा दोष कमी आणि आपल्या शिक्षणाचा जास्त. कॉलेजात पाच-साडेपाच वर्षं हिस्टरी, तपासणी, डिफरन्शियल (म्हणजे शक्य आजारांची यादी), इन्व्हेस्टिगेशन, डायग्नोसिस, ट्रीटमेंट याच क्रमाने डोकं चालवायला शिकवतात, वॉर्डात ते बरोबरच आहे. कॅज्युअल्टीत मात्र ट्रीटमेंट बऱ्याचदा डायग्नोसिसच्या आधी होते आणि डायग्नोसिस कधीकधी होतच नाही. इथे प्रश्न वेगळे आहेत: हा आत्ता मरतोय का, नसेल तर पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत मरू शकतो असं काही याच्यात लपलंय का, आणि इथून हा कुठे जाणार, घरी, वॉर्डात, आयसीयूत की ओटीत. बस. पोटदुखी घेऊन आलेल्या कितीतरी लोकांच्या कागदावर शेवटी "कारण स्पष्ट नाही" अशाच अर्थाचं काहीतरी लिहून त्यांना घरी पाठवलं जातं, आणि ते चांगल्या डिपार्टमेंटमध्ये, चांगल्या डॉक्टरांकडून. तुला ते अपुरं काम वाटतं. अगं तेच काम आहे.

तुझा तो ४६ वर्षांचा माणूस घेऊ, कारण त्याच्यावर तू पहाटेचे ३ वाजवलेस. छातीत दुखणाऱ्याच्या बाबतीत मारणारी कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी: हार्ट अटॅक आणि त्याच्या अलीकडचा अनस्टेबल अंजायना, पल्मनरी एम्बोलिझम (फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी), एओर्टिक डिसेक्शन (मुख्य धमनीचा आतला थर फाटणं), टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत हवा कोंडून फुफ्फुस दबणं), टॅम्पोनाड (हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साठून ते दबणं) आणि अन्ननलिका फाटणं. पैकी टेन्शन न्यूमोथोरॅक्स आणि टॅम्पोनाडवाला पेशंट शांतपणे बसून तुझ्याशी गप्पा मारत नाही, त्याच्याकडे बघूनच तुझा हात स्टेथोकडे किंवा अल्ट्रासाउंडच्या प्रोबकडे जातो. अन्ननलिका फाटलेल्याच्या हिस्टरीत बहुतेक वेळा जोरदार उलट्या सापडतात किंवा नुकतीच झालेली एन्डोस्कोपी. डिसेक्शनसाठी तीन प्रश्न आणि एक हात पुरतो, म्हणजे दुखणं एकदम सुरू झालं का, सुरुवातीलाच सगळ्यात जास्त होतं का, पाठीत गेलं का, आणि मग दोन्ही हातांच्या पल्स एकाच वेळी बघ, बीपी दोन्हीकडचं घे. एक्सरे नॉर्मल आला म्हणून डिसेक्शन नाही असं कधी समजू नकोस, छातीत दुखण्यासोबत पायाची ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं तर तर नाहीच. एम्बोलिझमसाठी आधी मनाशी ठरव की शक्यता किती वाटते. कमी वाटत असेल तर पर्क नावाच्या नियमाचे आठ मुद्दे तोंडी तपासून होतात आणि आठही नसतील तर डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी) पाठवायचीही गरज नाही. अर्थात आधी शक्यता कमी वाटायला हवी, हे लोक विसरतात आणि दिसेल त्याला पर्क लावतात.

आता उरलं हार्ट. दहा मिनिटांच्या आत ईसीजी होऊन कुणीतरी तो डोळ्यांनी बघितलेला असायला हवा, हे तुमच्याकडे होत असणारच. पहिला नॉर्मल असला तरी दुखत असताना पुन्हा काढायचा, तू काढलास. ट्रोपोनिन दोनदा, योग्य अंतराने, तेही केलंस. हार्ट स्कोअर काढलास का ते पत्रात नाही. हिस्टरी, ईसीजी, वय, रिस्क फॅक्टर आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला ० ते २, एकूण १० पैकी. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी हा बनवला, तो खास कॅज्युअल्टीसाठी आहे म्हणून मला आवडतो. त्याला ४६ वयाचा एक मिळाला, रिस्क फॅक्टरचा धर एक, हिस्टरी फारशी संशयास्पद नसेल तर एकूण दोन. ० ते ३ मध्ये बसणाऱ्या लोकांना पुढच्या सहा आठवड्यांत हृदयाचा मोठा त्रास होण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली येतं.

दोन टक्क्यांच्या खाली, पण शून्य नाही. तुझी सगळी रात्र या उरलेल्या शेपटावर गेलीये.

हे शेपूट कुठलाही डॉक्टर कापू शकत नाही, अॅडमिट केलं तरी नाही, अँजिओग्राफी केली तरी तिचे स्वतःचे धोके आलेच. मग त्याचं करायचं काय? माझ्या मते त्याला राहायला दोनच जागा आहेत, एक तुझं डोकं आणि दुसरी डिस्चार्जच्या वेळचं बोलणं आणि त्याचा कागद. तू ते पेशंटला सांगितलं नाहीस, कागदावर लिहिलं नाहीस, तर ते तुझ्याकडेच राहणार आणि पहाटे तीनला दार वाजवणार. काळजी कमी कर असं मी सांगणार नाही, काळजी न करणारा इमर्जन्सी डॉक्टर मला माझ्यावर उपचार करायला नको. पण ती पेशंट समोर खाटेवर आहे तेव्हा कर, तो गेल्यावर नको.

म्हणजे काय ते सांगते, इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण पुस्तकात हे दोन ओळींत उरकतात. सोडायच्या आधी व्हायटल्स (पल्स, बीपी, श्वास, ऑक्सिजन, ताप) पुन्हा घे, स्वतःच्या डोळ्यांनी बघ, सकाळच्या आकड्यांवर सोडू नकोस. घरी सोडल्यावर अनपेक्षितपणे दगावलेल्या पेशंटच्या फायली ज्यांनी मागे वळून तपासल्या त्यांना पुन्हा पुन्हा सापडलेली गोष्ट म्हणजे सोडताना बिघडलेल्या व्हायटल्स, आणि त्यात वाढलेली पल्स सगळ्यात जास्त. ११८ पल्स असलेला माणूस "घाबरलाय म्हणून असेल" म्हणून जातो. असेलही घाबरलेला, मग थांबव, शांत झाल्यावर परत मोज. वयस्क माणूस असेल तर चालवून बघ, खाटेवर ठीक दिसणारे कितीतरी लोक दहा पावलांत धापा टाकतात किंवा तोल जातो.

मग खुर्ची ओढून बस. उभ्याने बोललेल्यापेक्षा बसून बोललेली दोन मिनिटं पेशंटला जास्त वाटतात, हे फुकटचं आहे ते घे. आणि त्याला खरं सांग. "तुमच्या तपासण्यांत हार्ट अटॅक दिसला नाही. दुखण्याचं नक्की कारण आज मला सापडलेलं नाही. धोका खूप कमी आहे पण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पुन्हा दुखलं आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, घाम फुटला, दम लागला, चक्कर येऊन पडलात, तर विचार करत बसू नका, इथे या, रात्री २ वाजता असलं तरी या, आम्ही रागावणार नाही." आणि काही झालं नाही तरी अमुक दिवसांच्या आत अमुक डॉक्टरला भेटायचं, हे तारीख घालून. "गरज वाटल्यास दाखवा" हे वाक्य मला बंदच करायचंय, गरज कशाला म्हणायचं हेच त्याला माहीत नाहीये म्हणून तर तो आपल्याकडे आलाय. शेवटी त्यालाच विचार, "घरी गेल्यावर कधी परत यायचं ते मला सांगा बघू." निम्मे लोक चुकीचं सांगतील. मग पुन्हा सांग. सोबत कोण आहे, घरी एकटा राहतो का, परत यायला वाहन आहे का, हे सगळं याच दोन-तीन मिनिटांत येतं.

आणि फाईलमध्ये तुझा विचार लिही, नुसते रिपोर्ट नको. डिसेक्शनचा विचार केला, या या कारणांनी शक्यता कमी वाटली. एम्बोलिझमचा केला, पर्क निगेटिव्ह. हार्ट स्कोअर इतका. परत येण्याच्या सूचना दिल्या, पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगितल्या. पाच ओळी होतात. लोकांना वाटतं हे कोर्टासाठी असतं, असेलही, पण मला त्याचा जास्त उपयोग असा दिसतो की लिहिताना एखाद्या ओळीशी पेन अडलं, म्हणजे "याचा विचार केला" असं लिहायला गेलीस आणि लक्षात आलं की केलाच नाही, तर पेशंट अजून खाटेवरच असतो.

आता वेग. सिनियर म्हणाले हात चालव, मला नाही वाटत तुझा हात स्लो आहे. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना किती वेळा मध्येच तोडलं जातं हे २००० साली छापलेल्या एका अभ्यासात घड्याळ लावून मोजलं होतं, तर तीन तासांत साधारण ३० वेळा. सहा मिनिटाला एकदा कुणीतरी ईसीजी नाकासमोर धरतं, कुणी सही मागतं, नातेवाईक विचारतात आमचा नंबर कधी. अशा ठिकाणी एक पेशंट पूर्ण सोडवून मग दुसरा हातात घ्यायचा हे जमणारच नाही, आणि तू तेच करतीयेस असं पत्रावरून वाटतं. पेशंट बघून बाहेर आलीस की त्याच क्षणी स्वतःला सांग, हा बहुतेक घरी जाणार, किंवा हा बहुतेक राहणार, आणि माझं मत कशाने बदलेल. जे मत बदलू शकत नाही ती तपासणी मागवू नकोस. जी लागणार आहे ती लगेच मागव, "आधी हा रिपोर्ट येऊ दे मग बघू" करत एकामागून एक पाठवलीस की प्रत्येक वेळी तास जातो आणि खाट अडकते. घोटा मुरगळलेल्या प्रत्येकाला एक्सरे लागत नाही हे कॅनडातल्या ओटावाच्या डॉ. स्टील यांनी १९९२ मध्येच दाखवून दिलं: दोन्हीकडच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबून दुखत नाही आणि चार पावलं टाकता येतात, तर घोट्याचा एक्सरे नको (पायाच्या मधल्या भागात दुखत असेल तर त्याचे दोन मुद्दे वेगळे आहेत, ते बघून ठेव). अशा नियमांनी वेळ वाचतो तो वाचतोच, शिवाय मन पण निवांत राहतं, कारण निर्णय फक्त तुझ्या त्या दिवशीच्या मूडवर राहत नाही.

तासाभराने एकदा थांबून बोर्डवरच्या तुझ्या सगळ्या पेशंटवरून नजर फिरव, प्रत्येकाचं काय अडलंय. नवीन पेशंट उचलायच्या आधी जो निघू शकतो त्याला काढ. नवीन बघितला की आपण काम केलं असं वाटतं, जुना काढला की खरं काम झालेलं असतं. आणि रेफर करताना गोष्ट सुरुवातीपासून सांगू नकोस. "सर, मला सीसीयूत बेड हवाय, ५८ वर्षांचे गृहस्थ, इन्फिरियर वॉल एमआय, बीपी ९० वर आहे" असं मागणीपासून सुरू कर, "सर एक पेशंट आलेत, त्यांना काल संध्याकाळपासून..." असं सुरू केलंस तर सर तिसऱ्या वाक्याला चिडणार, त्यांच्या जागी मी पण चिडते.

ट्रायाजवर, म्हणजे पेशंट आल्याआल्या गंभीरतेनुसार त्यांचा क्रम लावतात त्यावर, फार विसंबू नकोस हेही जाता जाता. जास्त गंभीर तो आधी, मग तो सैनिक असो की सेनापती, हा विचार नेपोलियनच्या सैन्यातल्या लॅरे या सर्जनचा, आणि आजच्या मँचेस्टर किंवा ईएसआय (इमर्जन्सी सिव्हिरिटी इंडेक्स) यांसारख्या पाच पातळ्यांच्या पद्धती त्याच वाटेवरच्या. पण त्या कोणाला आधी बघायचं एवढंच सांगतात, कोण सुरक्षित आहे ते नाही. हिरव्या रंगात, म्हणजे कमी गंभीर म्हणून, बसलेला साठीपुढचा माणूस, "मुतखड्यासारखं दुखतंय" म्हणणारा, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याच्या पोटावर प्रोब ठेवून एओर्टा, म्हणजे मुख्य धमनी, फुगलेली नाही ना हे बघितल्याशिवाय मुतखडा म्हणायचं नाही. गर्भधारणेच्या वयातली बाई पोटदुखी किंवा चक्कर घेऊन आली की प्रेग्नन्सी टेस्ट, ती काहीही म्हणो. आणि सिस्टर म्हणाल्या "मॅडम, हा मला बरा वाटत नाहीये" तर आकडे कितीही छान असू देत, उठून जा.

तुला चुकीची भीती वाटते ना, मग ती योग्य जागी लाव. चूक सहसा अवघड पेशंटच्या वेळी होत नाही, त्याच्यावर सगळे तुटून पडलेले असतात. ती होते शिफ्ट बदलताना. "हा गॅस्ट्रायटिस आहे, रिपोर्ट आला की सोड" असं सांगून एकजण घरी जातो, दुसऱ्याने पेशंटला हातच लावलेला नसतो, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि गॅस्ट्रायटिस हा शब्द तीन तोंडांतून गेल्यावर सत्य होऊन बसतो. पॅट क्रॉस्केरी नावाचे कॅनडातले इमर्जन्सी डॉक्टर आहेत, डॉक्टरांचं डोकं कुठे कुठे घसरतं यावर त्यांनी खूप लिहिलंय, ते याला डायग्नोसिसला आलेली गती म्हणतात. उपाय कंटाळवाणा आहे: हातात आलेल्या प्रत्येक पेशंटजवळ स्वतः जायचं, नाव सांगायचं, एकदा नव्याने विचारायचं. हँडओव्हरचा साचा ठरलेला असला की फरक पडतो हे सिद्धही झालंय, २०१४ मध्ये लहान मुलांच्या नऊ हॉस्पिटलांत आय-पास नावाची पद्धत शिकवून बघितली तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. तुमच्याकडे साचा नसेल तर तू तुझ्यापुरता कर, कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे पहाट. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो, २४ तासांना ते ०.१० च्या आसपास जातं, हे १९९७ सालीच मोजून झालंय. म्हणजे नाइटला जाताना दिवसभर जागी राहून गेलीस तर पहाटेचे निर्णय कोण घेतंय बघ. नाइटच्या आधी दुपारी झोप, शिफ्टमध्ये जमलं तर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी, त्याहून लांब नको कारण गाढ झोपेतून उठल्यावर डोकं बराच वेळ जाग्यावर येत नाही. कॉफी शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात, तिचा अर्धा भाग शरीरातून जायलाच पाच-एक तास लागतात. नाइटनंतर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नकोस, यात चर्चा नाही. आणि पहाटे ४ नंतर घरी सोडायचा पेशंट असेल आणि मनात किंतु असेल तर उजाडेपर्यंत ऑब्झर्वेशनला ठेव, खाट असेल तर. आमच्यातले बरेच मुरलेले लोक हे करतात, बोलत नाहीत एवढंच.

आता ते फोन. सिस्टरना पहाटे आणि पेशंटला दुसऱ्या दिवशी. हे बंद कर, आणि कारण समजून बंद कर. कुलूप लागलंय का बघायला परत जिना चढणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी हायसं वाटतं, आणि म्हणूनच पुढच्या वेळी तो पुन्हा चढतो. तुझंही तेच झालंय. नव्हता आला हे ऐकून झोप लागली, मेंदूने नोंद केली की फोन केला की झोप लागते. शिवाय पेशंटच्या बाजूने बघ, हॉस्पिटलमधून डॉक्टरचा फोन आला की "काय झालं" हाच पहिला प्रश्न येणार, तू त्याला उगाच घाबरवलंस. डिपार्टमेंटतर्फे ठरवून केलेले फॉलोअप कॉल ही चांगली पद्धत आहे, दुसऱ्या दिवशी, ठरलेल्या पेशंटना, नोंद ठेवून. तुमच्याकडे नसेल तर सुरू करायचं सुचव. पण फाईलमधून नंबर काढून स्वतःच्या मनःशांतीसाठी केलेला फोन वेगळा.

त्याऐवजी, ज्यांच्याबद्दल खरंच जाणून घ्यायचंय त्यांचे केस नंबर लिहून ठेव आणि आठवड्यातून एकदा, ड्युटीवर असताना, दिवसा, सिस्टीममध्ये बघ. सोडलेल्यांपैकी कोण परत आलं, अॅडमिट केलेल्याचं वॉर्डात काय निघालं. इमर्जन्सीत आपल्याला शेवट कळतच नाही हा या कामातला मोठा दोष आहे, आपण चुकलो की बरोबर होतो याचा पत्ता नसतो, म्हणून काही लोक बिनधास्त होतात आणि काही तुझ्यासारखे घाबरट. नोंदी तपासल्या की दोघांनाही उतारा मिळतो.

हे सगळं करून सहा-आठ आठवडे झाले तरी झोप आली नाही, ड्युटीच्या आदल्या संध्याकाळी छातीत धडधडायला लागलं, किंवा पेशंटचा रागच यायला लागला, त्यांच्या तक्रारी खोट्या वाटायला लागल्या, तर वाट बघू नकोस, सायकियाट्रिस्टला किंवा सायकॉलॉजिस्टला भेट, शक्यतो तुमच्याच डिपार्टमेंटशी संबंध नसलेल्या. ही शेवटची खूण, माणसांबद्दल बधिर होणं, मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची पद्धत बनवली तेव्हापासून बर्नआउटच्या तीन मुख्य खुणांमध्ये मोजली जाते, आणि नेमकी तीच डॉक्टरांना "मॅच्युअर झालो" अशी वाटते. जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर त्याच दिवशी सांग कुणाला तरी, आठवडे मोजू नकोस.

आणि चूक होणार आहे का? हो. इतक्या वर्षांच्या कामात कुणाची झाली नाही असं मला माहीत नाही. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली चुकीनंतर कोलमडणाऱ्या डॉक्टरला दुसरा बळी म्हटलं, त्या शब्दावर पेशंटच्या नातेवाइकांचा आक्षेप आहे आणि तो मला पटतो, पण कोलमडणं खरं असतं. होईल तेव्हा त्याच तासाला सिनियरला सांग, पेशंटला किंवा घरच्यांना खरं काय झालं ते सिनियरसोबत बसून सांग, फाईलमध्ये मागे जाऊन एक अक्षरही बदलू नकोस, आणि त्या रात्री एकटी राहू नकोस.

सिनियरना एक गोष्ट माग. "हात चालव" हा सल्ला नाहीये, त्यातून काय बदलायचं ते कळत नाही. त्यांना म्हण, सर, माझा एक पेशंट पहिल्यापासून डिस्चार्जपर्यंत शेजारी उभं राहून बघा आणि कुठे वेळ जातो ते सांगा. बहुतेक ते करतील. नाही केलं तर एखाद्या जुन्या सिस्टरना विचार, त्यांना केव्हाच कळलेलं असतं.

राहिलं रेडिओलॉजी. काही लोकांना अर्धवट उत्तरावर पेशंट सोडणं कधीच मानवत नाही, नाइट शिफ्ट शरीराला झेपत नाहीत, त्यांनी सोडलेलं बरं आणि त्यात कमीपणा काही नाही. पण भीतीपासून पळायला म्हणून जाणार असशील तर चुकीचा पत्ता आहे, तिथे सुटलेली गाठ फिल्मवर कायमची राहते आणि दोन वर्षांनी कुणीही उघडून बघू शकतं. वर लिहिलंय ते तीन महिने करून बघ, मग ठरव. आणि त्याआधी एखाद्या रात्री तुमच्या रेडिओलॉजी रेसिडेंटच्या शेजारी दोन तास बस, तू पाठवलेले सीटी तो कसे वाचतो ते बघ, रिक्वेस्ट फॉर्मवर नुसतं "पोटदुखी" लिहिलेलं असलं की तो काय पुटपुटतो तेही ऐक, इमर्जन्सीत राहिलीस तरी त्याचा उपयोग होईल.